अकरा मीटरची लाट आणि मावळची खोरी

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कापूरहोळ आणि किकवी मागे पडतात आणि सारोळे येते. गावापुढे नीरेचा पूल लागतो. पलीकडचे शिरवळ सातारा जिल्ह्यात मोडते. महामार्गावर मोबाइलला रेंजची ददात नाही. पण हीच गाडी पश्चिमेला वळवून भोर गाठा आणि तिथून भाटघर जलाशयाच्या कडेने आत शिरा, नाहीतर हिर्डोशीवरून वरंधा घाटाची वाट धरा. रेंज गळत जाते आणि एखाद्या वळणावर पार नाहीशी होते. नसरापुरावरून वेल्ह्याकडे, तोरण्या-राजगडाच्या पायथ्याला गेलात तरी हाच अनुभव येतो.

याचे कारण इथल्या भूगोलात आहे. रोहिड खोरे, वेळवंड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्या ओळखीची आहेत. पण ती डोंगराच्या धारांनी वेगळी पाडलेली खोरी आहेत, हे गाडी घेऊन गेल्यावरच नीट कळते. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला खिंड चढावी लागते. माणसाला जी अडचण, तीच रेडिओच्या लाटेला. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे चौदाशे मीटर उंच आहे आणि त्याच्या सोंडा बेसाल्टच्या आहेत. कोणताही सेट लाटेला त्या दगडातून आरपार नेत नाही.

गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या दिवशी या रस्त्यांवर थार, जिप्सी, जिम्नी, बोलेरो अशा फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे ताफे दिसू लागले आहेत. पुढची गाडी वळणाआड गेली की मागच्याला काहीच सांगता येत नाही. पुढे रस्ता खचला आहे, समोरून एसटी येते आहे, तिसरी गाडी चिखलात रुतली आहे, असले निरोप अर्ध्या मिनिटात पोचले तरच कामाचे असतात. म्हणून ताफ्यातली मंडळी रेडिओकडे वळतात आणि इंटरनेटवर अमेरिकी ‘सीबी’ सेट बघून हरखून जातात. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला रेडिओ पट्टा. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्‌झवरची ही सेवा १९५८ मध्ये सुरू झाली. १९७३ च्या तेलटंचाईत ट्रकचालकांनी ती घराघरात पोचवली आणि १९७७ पासून तिला चाळीस चॅनेल मिळाले. ब्रिटनने ती नोव्हेंबर १९८१ मध्ये कायदेशीर केली.

आपल्याकडेही हा पट्टा आहे, पण त्याची हद्द वेगळी आहे. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ एवढ्या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे आणि मर्यादा पाच वॅटची. अमेरिकी सेटवरचा पहिला चॅनेल २६.९६५ वर, सत्ताविसावा २७.२७५ वर आणि अठ्ठाविसावा २७.२८५ वर येतो. म्हणजे चाळीसपैकी पहिले सत्तावीस चॅनेलच आपल्या हद्दीत बसतात. अठ्ठाविसाव्यावर बोट गेले की तुम्ही सुटीच्या पट्ट्याबाहेर बोलत असता. पाच वॅटही सेटवर छापलेले मोजायचे नाहीत, अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारे मोजायचे. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. सेटला केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची उपकरण-मंजुरी लागते आणि त्या मंजुरीत अँटेनाही येते. ज्या सेटची मंजुरी अंगच्या अँटेनासह आहे, त्याला टपावरची अँटेना जोडली की सूट संपली. म्हणून खरेदीआधी नियमातली अँटेनाची अट आणि विक्रेत्याकडचा मंजुरीचा कागद, दोन्ही वाचा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारातल्या बेकायदा वॉकीटॉकी विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती उगाच नव्हेत. हा विषय इथेच बाजूला ठेवतो, कारण मला मुख्यतः अँटेनाविषयी बोलायचे आहे.

पुणे जिल्ह्याला अँटेनाचे महत्त्व नवे नाही. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातला ‘बीम’ रेडिओतार मार्ग सुरू झाला, तेव्हा त्याची इथली केंद्रे खडकी आणि दौंड इथे होती. उंच खांबांवर टांगलेल्या तारांच्या पडद्याने लाट एका दिशेला वळवायची, हे त्या योजनेचे मर्म होते. जवळजवळ शंभर वर्षे झाली तरी त्यातला धडा तसाच आहे. शक्ती वाढवण्यापेक्षा अँटेना सुधारली तर आवाज लांब जातो. गाडीवाले नेमके उलट करतात. पैसे सेटवर घालतात आणि अँटेना उरलेल्या पैशांत, मिळेल ती, मिळेल तिथे बसवतात.

२७ मेगाहर्ट्‌झच्या लाटेची लांबी अकरा मीटर. गाडीवर तिच्या पाव लांबीचा दांडा लागतो, म्हणजे पावणेतीन मीटरचा. पण दांडा म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा. दांड्यातून जेवढा प्रवाह वर जातो, तेवढाच त्याच्या बुडाशी पत्र्यात पसरावा लागतो. जात्याची वरची तळी एकटी दळत नाही, तसा दांडा एकटा काम करत नाही. हे एकदा ध्यानात आले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

जागेपासून सुरुवात करू. सर्वांत चांगली जागा म्हणजे लोखंडी टपाचा मध्य. तिथे पत्रा चारी बाजूंना सारखा मिळतो, म्हणून लाटही चारी दिशांना जवळपास सारखी जाते. बोलेरो किंवा जिम्नीवर हे जमते. कापडी टपाच्या जिप्सीवर किंवा थारवर टपाला पत्राच नाही. तिथे कितीही भारी अँटेना बसवा, तिला दुसरी तळी मिळणार नाही. अशा गाडीवर बॉनेटची कड, काचेच्या चौकटीचा लोखंडी भाग किंवा मागचा बंपर एवढेच पर्याय उरतात. दांडा कोपऱ्यात लागला की लाट त्याच्या समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे जास्त जाते, कारण पत्रा तिकडे जास्त असतो. डाव्या मागच्या कोपऱ्यातला दांडा उजवीकडे पुढे चांगला बोलतो आणि मागच्या गाडीला कमी ऐकू येतो. म्हणून ताफ्याच्या शेवटच्या गाडीला मागचा कोपरा चालतो. सर्वांत पुढच्या गाडीने मात्र अँटेना बॉनेटकडे घ्यावी.

पावणेतीन मीटरचा पूर्ण दांडा कामाला सर्वांत सरस, यात वाद नाही. पण नवी थार सुमारे १.८४ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवर हा दांडा उभा केला की टोक साडेचार मीटरच्या वर जाते. रस्ता सोडून शेतामाळावरून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या उघड्या तारांना भारतीय वीज नियम, १९५६ मध्ये जमिनीपासून किमान अंतर ४.६ मीटर ठरवले होते. ऑफरोडची गाडी नेमकी रस्ता सोडून जाते. शिवाय तारा उन्हाने झोळतात, खांब कलतात आणि गाडी बांधावर चढली की अर्धा मीटर आणखी वर येते. मावळात टपावर पूर्ण दांडा लावून फिरणे म्हणजे मरणाला बोलावणे आहे, असे मी स्पष्ट सांगतो. बंपरवर लावला तर टोक साडेतीन मीटरच्या आत राहते. पण मग खालचा भाग गाडीच्या पाठीआड लपतो आणि करवंदीच्या जाळीतून जाताना दांडा फांद्यांत अडकतो तो वेगळाच.

म्हणून आखूड अँटेना घ्यायची. तिची विजेच्या हिशेबातली लांबी भरून काढायला आत तारेचे वेटोळे असते. ते बुडाशी असेल, मध्ये असेल किंवा फायबरच्या दांड्यावर टोकाकडे दाट गुंडाळलेले असेल. वेटोळे जितके वर, तितका खालचा दांडा जास्त काम करतो. बुडाशी वेटोळे आणि खाली चुंबक असलेली अँटेना लावायला सोपी असते आणि लोखंडी टपावर ती बरी चालते. पण दगडगोट्यांच्या वाटेवर फांदीचा फटका बसला की ती निसटते आणि तिच्या खाली अडकलेली धूळ टपाचा रंग खरवडते. मला या भागासाठी सव्वा मीटरच्या आसपासचा, टोकाकडे वेटोळे असलेला फायबरचा दांडा योग्य वाटतो. बुडाशी स्प्रिंग असावी, म्हणजे फांदी लागली तर दांडा वाकेल आणि परत उभा राहील. याहून आखूड दांडा दिसायला सुटसुटीत असतो, पण लांबी कमी होईल तशी शक्ती वेटोळ्यातच उष्णता होऊन जिरते आणि ज्या चॅनेलवर तो नीट चालतो त्यांची रुंदीही आकसते.

बसवताना खरी परीक्षा अर्थिंगची. अँटेनाचा ब्रॅकेट स्टेपनीच्या दारावर बसवतात, कारण तिथे बोल्ट तयार असतात. पण दार गाडीला बिजागरीने जोडलेले असते, बिजागरीत ग्रीस असते आणि दोन्ही बाजूंना रंग असतो. डोळ्याला लोखंड लोखंडाला टेकलेले दिसते, प्रवाहाला मात्र वाट नसते. ब्रॅकेटखालचा रंग सँडपेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, दात असलेला वॉशर घाला आणि दारापासून चेसिसपर्यंत विणलेली तांब्याची चपटी पट्टी थिंबल लावून कसा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. ब्रॅकेट आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात बीप वाजला पाहिजे. केबलच्या कनेक्टरची मधली पिन आणि दांड्याचे बूड यांच्यातही वाजला पाहिजे. मधली पिन आणि कनेक्टरची बाहेरची कडी यांच्यात मात्र, सर्वसाधारण फायबरच्या दांड्यावर, वाजता कामा नये. तिथे वाजला तर बुडाचा प्लॅस्टिकचा वॉशर उलटा बसला आहे किंवा जाळीची एखादी तार मधल्या तारेला चिकटली आहे. सेटचा प्लग जोडण्याआधी हे पाहा. अँटेना नसताना किंवा शॉर्ट असताना बटण दाबून बोललात तर सेटचे शेवटचे ट्रान्झिस्टर जळू शकतात.

केबल ५० ओहमची हवी. टीव्हीची ७५ ओहमची घरात पडून आहे म्हणून वापरू नये. सेटला वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्यावी. सिगारेट लायटरच्या भोकातून घेतली की अल्टरनेटरची शिट्टी आवाजात मिसळते.

शेवटी जुळवणी. सेट आणि अँटेना यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर लावतात. सेटमधून निघालेल्या शक्तीपैकी किती भाग अँटेनाकडून परत फिरतो, हे तो दाखवतो. काटा दीडवर असेल तर चार टक्के परत येते, दोनवर अकरा टक्के आणि तीनवर पंचवीस टक्के. दीडच्या आत आले की उत्तम, दोनपर्यंत काम चालते. तीनवर सेट धोक्यात असतो. अमेरिकी पुस्तिका पहिला, विसावा आणि चाळिसावा चॅनेल तपासायला सांगतात. आपण पहिला, चौदावा आणि सत्ताविसावा घ्यायचा. गाडी मोकळ्या माळावर उभी करा, दारे लावा, आजूबाजूला पत्र्याचे शेड किंवा विजेचा खांब नको. पहिल्या चॅनेलवर आकडा जास्त आणि सत्ताविसाव्यावर कमी असेल तर अँटेना आखूड आहे, टोकाचा स्क्रू वर काढा. उलट असेल तर लांब आहे, स्क्रू आत घ्या. एका वेळी अर्धा फेरा पुरे. हात बाजूला करून मगच वाचा, कारण दांड्याजवळ उभ्या माणसानेही काटा हलतो. तिन्ही चॅनेलवर आकडा सारखाच वाईट येत असेल तर स्क्रूला हात लावू नका. दोष लांबीत नसून अर्थिंगमध्ये आहे. पुन्हा सँडपेपर घ्या.

एवढे करून किती अंतर मिळते? मोकळ्या पठारावर दोन गाड्यांत पाच-सात किलोमीटर धरावे. खोऱ्यात दोन-तीन मिळाले तरी समाधान मानावे. अकरा मीटरची लाट लांब असल्यामुळे डोंगराच्या धारेवरून थोडी वाकते. लहान वॉकीटॉकीची ४४६ मेगाहर्ट्‌झची लाट तेवढी वाकत नाही. पण धारेच्या पलीकडे थेट खाली उतरलेल्या गाडीपर्यंत दोन्ही पोचत नाहीत. त्यावर एकच उपाय, एक गाडी खिंडीत थांबवून तिच्याकरवी निरोप पुढे द्यायचा. २७ मेगाहर्ट्‌झवर आणखी एक त्रास आहे. हाच पट्टा कारखान्यांतल्या प्लॅस्टिक जोडणाऱ्या यंत्रांसाठी आणि काही वैद्यकीय उपकरणांसाठी जगभर राखलेला आहे. त्यामुळे औद्योगिक वसाहतीजवळ घरघर ऐकू आली तर सेटला दोष देऊ नका, खोऱ्यात शिरल्यावर ती जाते. सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत भर दुपारी हजारो किलोमीटरवरचे परके आवाजही घुसतात. पावसाने लाटेचे काही बिघडत नाही, बिघडतो तो कनेक्टर. त्यात पाणी शिरले की तांबे हिरवे पडते. स्वतःला चिकटणारी रबरी टेप जोडावर ताणून गुंडाळावी. वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागली तर गाडी माथ्यावरून खाली आणावी आणि दांडा काढून आत ठेवावा.

२२ जुलै २०२१ रोजी वरंधा घाटाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड शहर पुरात होते आणि भोर-महाड रस्ता त्या पावसात जागोजागी खचला होता. असल्या दिवशी २७ मेगाहर्ट्‌झचा पाच वॅटचा सेट घाट ओलांडून निरोप देऊ शकणार नाही, हे मान्य केले पाहिजे. तिथे उपयोगी पडतो तो हौशी रेडिओ, म्हणजे हॅम. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच माध्यमातून बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवला. हॅमचा २८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा सीबीला अगदी लागून आहे. वर सांगितलेले दांडा, पत्रा, अर्थिंग आणि मीटर यांचे सारे गणित तिथे जसेच्या तसे लागू पडते. १४४ मेगाहर्ट्‌झवर तर पाव लांबीचा दांडा अर्ध्या मीटरचाच होतो, तो टपाच्या मध्यावर लावला तरी विजेच्या तारांची भीती राहत नाही. शिवाय परवाना असल्यामुळे बाहेरची अँटेना लावण्याचा कायदेशीर मार्गही मोकळा होतो. गाडीतून बोलायचे तर परवान्यात तशी मुभा आहे का, एवढे पाहून घ्यावे.

भोर-वेल्ह्यात गाड्यांचे ताफे आणणाऱ्या प्रत्येक गटाला माझी विनंती आहे. पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्यातल्या निदान दोघांनी हॅमची परीक्षा द्या. तिला वयाची बारा वर्षे पूर्ण असली की बसता येते, तेव्हा घरातल्या मुलांनाही सोबत घ्या.