खोली, कागद आणि पाणी

भारतात माणूस अठराव्या वर्षी कायद्याने सज्ञान होतो आणि त्या दिवसापासून त्याची सही त्याला बांधते. खोलीचा करार असो, बँकेचे कर्ज असो की हप्त्याने घेतलेला मोबाइल, घरच्यांना विचारले नव्हते असे सांगून त्यातून सुटता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यात ही जबाबदारी बहुतेकांच्या अंगावर बारावीनंतर येते, आणि येते ती भाड्याच्या खोलीसोबतच. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, संग्रामपूर या तालुक्यांतल्या गावांतून मुले-मुली बुलढाणा, चिखली, खामगाव गाठतात. शेगावात १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून तिथेही बाहेरगावचे विद्यार्थी राहत आले आहेत. काही जण त्याही पुढे अमरावती, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जातात, कुणी शिकायला तर कुणी कामाला. वसतिगृहात जागा मिळाली नाही की दोघा-तिघांत एक खोली घ्यावी लागते.

स्वयंपाक आला म्हणजे एकट्याने राहता येते, अशी समजूत घरोघरी आढळते. ती अपुरी आहे. भूक दिवसातून दोनदा आठवण करून देते, त्यामुळे वरण-भात आणि पोळी हळूहळू जमतेच. नाही जमली तर मेस असते, डबा लावता येतो. करार, विजेचे रीडिंग, पिण्याचे पाणी, खात्यातल्या नोंदी यांची मात्र आठवण कुणी करून देत नाही. त्यांच्याकडे केलेले दुर्लक्ष बऱ्याच महिन्यांनी समोर येते, आणि तेव्हा ते महाग पडते.

पहिला कागद भाडेकराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणीकृत करार नसेल, तर वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवायचे असेल तर सिद्ध करणे मालकावर येते. हे बहुतेक भाडेकरूंना ठाऊकच नसते. सर्वसाधारणपणे करार अकरा महिन्यांचा होतो आणि त्याची नोंदणी ऑनलाइनही करता येते. डिपॉझिट किती, ते केव्हा परत मिळणार, खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, रंग आणि दुरुस्ती कुणी करायची, हे त्यात लिहिलेले हवे. भाडे रोख दिले तर पावती घ्यावी. मालक ओळखीचा किंवा नात्यातला असला तरी घ्यावी, कारण बिनकागदी व्यवहारात पैशांइतकेच नातेही पणाला लागते. भाडे किंवा इतर कुरबुरीवरून मालकाने पुरेशा कारणाशिवाय पाणी वा वीज तोडणे हे याच कायद्याने निषिद्ध आहे.

विजेचे गणित वेगळे समजून घ्यावे लागते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो आणि पुढच्या टप्प्यांत तो चढत जातो. चार खोल्या एकाच मीटरवर असतील, तर प्रत्येकाचा वापर थोडा असूनही एकूण बिल वरच्या दरात जाते. सबमीटर असेल तर युनिटमागे किती घेणार हे आधीच विचारावे आणि राहायला गेल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा.

पाण्याची बाब या जिल्ह्यात जास्त गंभीर आहे. बुलढाणा शहराची तहान पैनगंगेवरच्या येळगाव धरणावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या अनेक ठिकाणी नळ काही दिवसांच्या अंतराने येतो. गावच्या घरात पाणी भरण्याचे काम बहुधा आईच्या किंवा बहिणीच्या अंगावर असते. खोलीवर ते आपल्या अंगावर येते, आणि नळाच्या वेळी कोण थांबणार यावरून रूम पार्टनरांची पहिली भांडणे होतात. पाळी ठरवून भिंतीवर लिहिली तर यातली बरीचशी टळतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात दुसरी अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. इथल्या भूगर्भातल्या पाण्यात क्षार जास्त आहेत, आणि इथल्या गावांतले मूत्रपिंडाचे आजार हा वर्षानुवर्षे चिंतेचा विषय राहिला आहे. पाणी उकळले की जंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. म्हणून बोअरचे पाणी आंघोळीला, भांड्यांना वापरावे आणि पिण्यासाठी नळयोजनेचे किंवा शुद्धीकरण केलेले पाणी वेगळे ठेवावे. जारचा खर्च महिन्याच्या हिशोबात पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

हा महिन्याचा हिशोब शेतकरी घरातल्या मुलांना अवघड जातो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या घरात पैसा महिन्याने येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकले जाते, कापूस त्यानंतर टप्प्याटप्प्याने. उधारी-उसनवारीही त्याच हिशोबाने फिटते. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. त्यामुळे पीक विकल्यावर हाती आलेली रक्कम आधी महिन्यांत वाटून ठेवावी लागते. ती कशी वाटावी याचा एक नमुना सरकारी योजनेतच सापडतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यासाठी तिने वर्षाला ४३,००० रुपये ठरवले: भोजनाला २५,०००, निवासाला १२,००० आणि निर्वाहाला ६,०००. म्हणजे महिन्याला जेवणासाठी सुमारे २,०८३, खोलीसाठी १,००० आणि बाकी सगळ्यासाठी ५००. आजच्या भावात हे आकडे तोकडे आहेत, हे उघड आहे. पण त्यांतले प्रमाण बोलके आहे: निम्म्याहून जास्त खर्च पोटाचा असतो, आणि पैसे संपत आले की पहिली काटछाट तिथेच होते. ती तिथे होता कामा नये. योजनेची रक्कम थेट खात्यात जमा होते, म्हणून खाते आधारशी जोडलेले असावे; शिवाय वर्गातली हजेरीही भरावी लागते. शेतकरी कुटुंबातल्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी करावी.

खात्याची राखण ही आता स्वतःची जबाबदारी असते. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन टाका असे कुणी म्हटले, तर ती फसवणूक असते. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर कळवावे, कारण वेळ गेला की पैसा पुढच्या खात्यांत पसरतो. मित्राला कर्जासाठी जामीन राहणे म्हणजे त्याच्या कर्जाची जबाबदारी आपल्यावर घेणे, हेही ध्यानात असू द्यावे.

गॅससाठी पत्त्याचा पुरावा नसलेल्यांना ओळखपत्रावर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. रात्री रेग्युलेटर बंद करावा. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, चालू असेल तर बंदही करू नये; दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ वर कळवावे. आजारपणात एकट्याने खोलीत पडून राहणे धोक्याचे असते. रक्तगट, चालू औषधे आणि घरचा नंबर रूम पार्टनरला माहीत असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

नागरिक म्हणूनही पत्ता बदलतो. मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. नवीन नोंदणीला अर्ज क्रमांक ६ लागतो, तर स्थलांतरासाठी ८. पुण्यात कामाला गेलेल्या मजुराचे कुटुंब लोणारला असले, तरी एक देश एक रेशन कार्ड या व्यवस्थेमुळे त्याला पुण्यातल्या रेशन दुकानातून धान्य उचलता येते आणि उरलेले घरच्यांना गावी घेता येते. नोकरी लागल्यावर भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक एकच ठेवावा आणि प्रत्येक नव्या मालकाला तोच द्यावा, म्हणजे जुन्या नोकरीतली रक्कम मागे अडकत नाही.

खोली सोडतानाही काही कामे उरतात. करारात ठरल्याप्रमाणे आगाऊ सूचना लेखी द्यावी, मोबाइलवरचा संदेशही चालतो. शेवटचे रीडिंग मालकासमोर लिहून घ्यावे, मेसचे आणि दुकानाचे येणे-देणे मिटवावे, खोलीचे फोटो काढावेत. डिपॉझिट हातात आल्यावरच किल्ली द्यावी, आणि बँक, गॅस, महाविद्यालय किंवा कामाच्या ठिकाणी नवा पत्ता त्याच आठवड्यात नोंदवावा.