थेंबभर साबण, घरभर कामं

पसरट ताटलीत पाणी घ्या. त्यावर चिमूटभर मिरपूड भुरभुरा. आता भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटाला लावा आणि बोट पाण्याच्या मधोमध टेकवा. पळाली ना मिरपूड काठाकडे?

ती साबणाला घाबरली नाही, बरं का! पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ढोलकीच्या चामड्यासारखा ताणलेला असतो. हा झाला पृष्ठताण. बोट टेकलं तिथला ताण साबणानं कमी केला, काठाकडचा मात्र तसाच राहिला. मग काठाकडच्या पाण्यानं पृष्ठभाग आपल्याकडे खेचून घेतला आणि मिरपूडही त्याच्याबरोबर गेली. आता दुसरा थेंब लावून बघा. काहीच होणार नाही, कारण पहिल्याच थेंबानं अख्खी ताटली व्यापलेली आहे. साबणाचा जेमतेम एका रेणूइतका जाड थर त्याला पुरतो!

पाण्यावरच्या अशा पातळ थरांचा अभ्यास जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स या बाईंनी चक्क घरी केला. तेव्हा तिथं मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. घरकाम आणि आजारी आईवडिलांची सेवा सांभाळून त्यांनी पत्र्याच्या एका उथळ पात्रात पृष्ठताण मोजला. 1891 साली त्यांनी लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यानं ते ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकाकडे पाठवलं आणि ते छापून आलं! माझ्या मते प्रत्येक मोरीत या बाईंचा फोटो लावायला हवा.

आता हाच थेंब घरात कामाला लावू. सायकलची हवा हळूहळू जाते? साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर सोडा. बुडबुडे आले की समजा, चोर तिथंच आहे. गॅसचा रेग्युलेटर बसवल्यावरही अशीच तपासणी करतात, पण ते काम मोठ्यांचं. तुम्ही नुसतं बघा. केळ्यांभोवती चिलटं घोंघावतात? वाटीत थोडं व्हिनेगर घ्या आणि त्यात साबणाचा एक थेंब टाका. वासानं चिलटं येतात, पण आता पृष्ठभाग त्यांना तोलून धरत नाही आणि ती बुडतात.

जास्वंदीवर मावा पडला असेल तर लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा. नुसतं पाणी किड्यांच्या मेणचट अंगावरून घरंगळतं. साबणाचं पाणी मात्र चिकटून पसरतं आणि त्यांची श्वासाची छिद्रं बुजवतं. किडा भिजला तरच उपयोग, म्हणून पानांची खालची बाजू विसरू नका. आधी एकाच पानावर करून बघा, कारण हे लिक्विड म्हणजे खरं तर डिटर्जंट असतं आणि जास्त झालं तर पानंच करपतात. थोड्या वेळानं झाड साध्या पाण्यानं धुऊन टाका.

ब्लीचमध्ये मात्र हे लिक्विड कधीही मिसळू नका, त्रासदायक वायू निघू शकतात. आणि हो, बाटली संपली म्हणून लगेच फेकू नका! तळाशी थोडं पाणी घालून खळखळून हलवा. सायकलच्या व्हॉल्व्हसाठी तेवढा साबण आरामात पुरतो.