पेजमेकरवर बसून युनिकोड शिकताना

दापोली हे कृषी विद्यापीठाचं गाव, १९७२ पासून. अशा गावात डीटीपीवाल्याकडे लग्नपत्रिकाही येते आणि खतांच्या मात्रांचं घडीपत्रकही. मराठी डीटीपीची कित्येक दुकानं वर्षानुवर्षं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या फॉन्टवर चालली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, आणि त्याला युनिकोड कळत नाही.

जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. म्हणून तोच मजकूर मोबाइलवर पाठवला की अगम्य चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. शिवाय जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. मजकूर रूपांतरित केल्यावर चुका इथेच सापडतात. तिथे जुन्या माणसाची नजरच कामी येते, बरं का!

जुन्या फायली आहेत तोवर जुना संगणक मोडीत काढू नये. मात्र त्याला इंटरनेट जोडू नये, आणि फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. नवं काम मात्र नव्या पद्धतीनंच करावं, आठवड्याला एक पत्रिका का असेना. सरावाला स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इन्स्क्रिप्ट कळफलक तर विंडोजमध्येच असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये आजच मराठी जोडून पाहा.