फुगा मोजायचा तो चपटा झाल्यावर

पेणच्या बाजारात पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि कुरडया पारदर्शक पिशव्यांत भरून मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक पापड मोडलेत का ते बघतं, पिशवीकडे कोण बघतो? यातली पॉलिथिनची पिशवी बहुधा एके काळी माणसापेक्षा उंच फुगा होती.

तिचा कच्चा माल इथल्या माणसांच्या ओळखीचा आहे. पेणहून वडखळमार्गे महामार्गाने दक्षिणेला निघालं की रोहा तालुक्यातलं नागोठणं लागतं. तिथलं पेट्रोकेमिकल संकुल मूळचं आयपीसीएलचं. 2007 मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. नैसर्गिक वायूपासून तिथे पॉलिथिनचा दाणा बनतो. दिसायला थेट साबुदाणा!

फिल्मच्या कारखान्यात हा दाणा वितळवून डायच्या, म्हणजे साच्याच्या, गोल फटीतून नळीसारखा वर काढतात आणि आत हवा भरतात. नळी फुगते, बाहेरून गार वारा लागतो. काही अंतरावर काचेसारखा प्लास्टिकचा रस किंचित धुरकट होऊन थिजतो. ती रेषा म्हणजे फ्रॉस्ट लाइन. फुगायचं ते तिच्या खालीच, वर व्यास बदलत नाही. टॉवरच्या माथ्यावर दोन रूळ फुग्याला दाबून चपटा करतात.

आता प्रश्न असा, की हा गरम, डुलणारा फुगा मोजायचा कसा? मोठ्या यंत्रांवर त्यासाठी ध्वनिलहरींचे सेन्सर असतात. साध्या कारखान्यात ऑपरेटर खाली येणाऱ्या चपट्या पट्ट्यावर टेप धरतो. झाडाला दोरी गुंडाळून घेर काढावा, तसाच हा हिशेब. पट्टा 400 मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजू मिळून घेर 800. त्याला 3.14 ने भागलं की व्यास सुमारे 255. डायचा व्यास 100 असेल तर फुगा अडीच पटींहून थोडा जास्त फुगला. या पटीला ब्लो-अप रेशो म्हणतात. साध्या एलडीपीई, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनच्या, फिल्मला दोन ते तीन पट चालते. कुरकुरीत एचडीपीईचा, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनचा, फुगा चार पटींच्या आसपास नेतात.

एवढी मोजदाद कशाला? डायची फट 1 मिलिमीटर आणि फिल्म 50 मायक्रॉन धरली, तर प्लास्टिक वीस पट पातळ झालं. त्यातलं अडीच पट आडवं ताणून, उरलेलं जवळपास आठ पट वर खेचून. उभी ओढ जास्त आणि फुगवण कमी पडली की पिशवी उभी सरळ चिरत जाते. एचडीपीईत हा दोष लवकर दिसतो, म्हणून तर तिथे फुगा मोठा.

शिवाय पैशाचं गणित आहेच. दाण्याचा पुरवठा आणि खेचण्याचा वेग तोच ठेवून पट्टा 400 चा 420 झाला, तर 50 मायक्रॉनची फिल्म साधारण 47.6 वर येते. सांगितलेली जाडी पुरवली नाही म्हणून माल परत येऊ शकतो, आणि जाडी वाढली तर दाणा फुकट जातो. यावर तराजूचा उपाय सोपा आहे: त्याच 400 च्या नळीचा एक मीटर तुकडा कापून वजन करावं. 50 मायक्रॉनला ते 37 ग्रॅमच्या आसपास यायला हवं.

पुढच्या वेळी पापड संपले की रिकामी पिशवी टाकण्याआधी एकदा उभी आणि एकदा आडवी फाडून बघा.