मुंब्रा मागे होता, पण कशामुळे?

नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले, की मुस्लिमबहुल भागांत कोरोनाचे लसीकरण मागे आहे आणि लोकांना समजावण्यासाठी सलमान खानची मदत घेतली जाईल. ठाणे जिल्ह्यात हे वाचणाऱ्यांच्या मनात लगेच दोन नावे आली, मुंब्रा आणि भिवंडी. त्याच महिन्यात ठाणे महापालिकेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना बजावले, की पहिला डोसही न घेतलेल्यांना पगार मिळणार नाही. दवाखाना हाताशी आणि पगार महिन्याच्या महिन्याला, अशी माणसेही लस टाळत होती. त्यांच्या टाळाटाळीला कोणी जातधर्म चिकटवला नाही.

लसीकरणाच्या नोंदणीचे कोविन पोर्टल नाव, वय, लिंग आणि ओळखपत्र विचारत असे. धर्म, जात, उत्पन्न, काम यांची नोंद त्यात नव्हती. त्यामुळे एखाद्या समाजाने लस किती घेतली, हे त्या आकड्यांवरून कळतच नाही. कळते ते केंद्र आणि गाव. मग गावाचे नाव हीच धर्माची खूण ठरते. मुंब्र्यात मुसलमान राहतात हे खरे. पण तिथे भाड्याच्या खोल्या आहेत, रोजंदारी आहे, हातगाड्या आहेत. भिवंडीत यंत्रमाग आहेत, बारा-बारा तासांची पाळी आहे आणि विणलेल्या कापडावर मजुरी आहे. लस घेतल्यावर दोन दिवस ताप आला तर त्या दोन दिवसांची कमाई गेली. पगारी रजा असणाऱ्याला हा हिशेब करावा लागत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतो तो तारखांचा खेळ. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन, आणि पोर्टल तेव्हा इंग्रजीत. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या तीन बायकांपैकी एकीनेच कधी इंटरनेट वापरले होते. स्लॉट खुला व्हायचा आणि मिनिटांत संपायचा. मुंबई, ठाणे, डोंबिवलीची तरुण मुले गाडी काढून शहापूर, मुरबाडच्या केंद्रांवर पोहोचली आणि तिथले आदिवासी आपल्याच आरोग्य केंद्राबाहेर पाहत उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 31 मेच्या आदेशात या डिजिटल दरीवरच बोट ठेवले. खासगी रुग्णालयांत जूनपासून कोविशिल्डचा एक डोस जास्तीत जास्त 780 रुपयांना होता. सोसायट्यांनी आवारातच शिबिरे भरवली.

मग 15 ऑगस्टला लोकल सर्वसामान्यांसाठी सुरू झाली. अट अशी, की दोन्ही डोस आणि त्यानंतर 14 दिवस. कोविशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचे अंतर होते. उलटे मोजले तर पहिला डोस 9 मेच्या आत घेतलेला हवा. तरुणांसाठी हे दिवस मोबाइलवरच्या झटापटीचे होते. तीनच दिवसांनी, 12 मेला, तुटवड्यामुळे राज्याने त्यांचे लसीकरण थांबवले. सरकारी केंद्रावर 22 जूनला पहिला डोस मिळालेल्या कल्याणच्या दुकानातल्या पोऱ्याला किंवा डोंबिवलीहून मुलुंडला घरकामाला जाणाऱ्या ताईंना लोकलचा पास मिळायला 28 सप्टेंबर उजाडणार होता. तोवर बस, नाहीतर रिक्षा बदलत जाणे. जो आधीच मागे होता त्याच्या खिशातून आणखी पैसे गेले.

अफवा होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. लस घेतली की मूल होत नाही, ही त्यांतली सर्वांत चिवट. ज्या घरांत आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण अजून सांगितली जाते, तिथे सरकारी सुईकडे संशयाने पाहिले जाते. यावर उपाय काय, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. 1897 च्या प्लेगात हाफकिन यांच्या लशीविषयी भीती पसरली, तेव्हा खोजा समाजाचे इमाम, तिसरे आगा खान यांनी स्वतः लोकांसमोर ती टोचून घेतली आणि तो समाज पुढे आला. पडद्यावरचा सलमान आणि जमातीचा इमाम यांत हा फरक आहे, की इमाम लस घेतल्यानंतरही रोज समोर दिसतो, आपल्यासारखाच जगताना.

एक गट मात्र अफवेमुळे नव्हे, हंगामामुळे सुटतो. दिवाळी झाली की शहापूर, मुरबाडची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाआधी परततात. 'हर घर दस्तक' मोहीम 3 नोव्हेंबर 2021 ला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी पाड्यावर पहिला डोस घेतलेल्या बाईचा दुसरा डोस 26 जानेवारीला येतो, म्हणजे ती भट्टीवर चिखल मळत असताना. कागदपत्रे नसलेल्यांनाही लस द्यावी, असा केंद्राचा नियम मे 2021 पासून होता; पण दुसऱ्या डोसच्या दिवशी ती कुठे असेल, हे नियमात नसते.

कोरोना ओसरला तरी प्रश्न संपलेला नाही. बाळाच्या लशीची यादी आशाताईंकडे असते, चुकली तर त्या दार वाजवतात. मोठ्या माणसासाठी, गरोदर बाई सोडली तर, अशी यादी जवळपास नाहीच. 2017-18 च्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत 45 वर्षांवरच्या भारतीयांपैकी फ्लूची लस घेतलेले 2 टक्केही नव्हते. न्यूमोनियाची, नागिणीची लस डॉक्टर सुचवतात ती ज्याला परवडते त्याला. म्हणजे इथे दरी आधी पैशाची पडते, आणि तिला समाजाचे नाव नंतर दिले जाते.

निदान पुढच्या मोहिमेत केंद्रावर माणसाचे काम विचारून लिहून घ्यावे. यंत्रमागाच्या पाळ्या सुटतात तेव्हा, रात्री, टेबल उघडे ठेवावे. आणि पाड्यावरची कातकरी कुटुंबांची यादी भट्टी ज्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत येते, त्या केंद्राकडे दिवाळीच्या आत पोहोचवावी.