मुनेरबींचा मेहबूब

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. तिथे जियारतीला येणाऱ्यांत कोण हिंदू आणि कोण मुसलमान, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आमच्या भागातल्या मुस्लिम घरांची बोलीही तशीच मिसळलेली आहे. घरात उर्दूच्या वळणाची हिंदी, वावरात आणि बाजारात मराठी. लग्नघरी हळदीच्या रात्री बायका ढोलकी घेऊन बसल्या की दोन्ही भाषा एकाच गाण्यात येतात. तरीही आमच्या मुलांना कोणीतरी विचारतंच, "तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?"

अशा वेळी मी मुलांना एक नाव सांगायला शिकवलं आहे. शाहीर अमर शेख.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत एका गरीब मुस्लिम घरात त्यांचा जन्म झाला. नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी. घरात ना तंबोरा होता, ना गाणं शिकवायला कोणी उस्ताद. होता तो आईचा गळा. आईच्या तोंडच्या ओव्या आणि लोकगीतं ऐकत मेहबूब वाढला, आणि पुढे ज्या गाण्यानं महाराष्ट्र गोळा केला त्याचा पहिला धडा त्याला मिळाला तो या माउलीकडूनच.

जात्यावरची ओवी कोणाला ऐकवण्यासाठी नसते. दळणाचे कष्ट हलके व्हावेत म्हणून बाई गाते. पहाटेच्या अंधारात माहेरची आठवण, लेकराचं कौतुक, संसाराचा जाच, सगळं त्या घरघरीत ओवलं जातं. कामातून निघालेलं गाणं हीच मेहबूबची शाळा. म्हणूनच असेल, पुढे त्यांचं गाणं कष्टकऱ्यांना परकं वाटलं नाही.

मेहबूबच्या वाट्याला कष्टही लवकर आले. कधी मोटारगाडीवर क्लीनर, कधी गिरणीत कामगार. कामगारांच्या लढ्यात उतरल्यावर तुरुंगही पाहिला. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत काही काळ काम केलं. मेहबूब हुसेन पटेल मागे राहिला आणि लोकांच्या तोंडी 'अमर शेख' हे नाव बसलं. त्यातला 'अमर' महाराष्ट्रानं जपला आणि 'शेख' त्यांनी स्वतः कधी लपवला नाही.

चाळीसच्या दशकात मुंबईत अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यांतला एक मातंग समाजातला, एक बार्शीचा मुसलमान. तिघांची मैत्री डफावर जुळली. शाहिरी ही एकट्यानं करायची कलाच नाही. शाहीर ओळ टाकतो, झिलकरी ती उचलतात, आणि समोरचे लोकही हळूहळू त्यांच्यात सामील होतात. ज्याला माणसांची आवड नाही त्याला शाहिरी साधत नाही. गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, खेड्यातल्या मैदानात अमर शेख उभे राहिले की त्यांचा पहाडी आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर या आवाजानं रान पेटवलं. सभा भाषणांनी होत, पण माणसं शाहिरांसाठीही येत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. त्या राज्याच्या पायात एका मराठी मुसलमानाचा घामही आहे, हे आपण मुलांना अभिमानानं सांगायला हवं. गोवा मुक्तीच्या लढ्यासाठीही ते गायले.

ते नुसते गात नव्हते, लिहीतही होते. 'कलश' हा त्यांचा काव्यसंग्रह १९५८ साली आला आणि 'धरतीमाता' १९६३ साली. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्कीशी केली. 'प्रपंच' या मराठी चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. त्यांची लेक मल्लिका अमर शेख मराठीतली नामवंत कवयित्री झाली. मुनेरबींच्या ओवीपासून नातीच्या कवितेपर्यंत तीन पिढ्या झाल्या, आणि तिन्ही पिढ्यांची भाषा मराठी.

अमर शेख कम्युनिस्ट विचारांचे होते. त्यांचं राजकारण प्रत्येक वाचकाला पटेल असं नाही. गाण्याबजावण्याबद्दलही आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, तो वाद मी इथे काढत नाही. पण भुकेल्याची बाजू घेणं, जुलमापुढे न दबणं आणि शेजाऱ्याला आपलं मानणं या गोष्टी आपल्या आयांनीही आपल्याला शिकवल्या आहेत. अमर शेखांनी त्या मोठ्या आवाजात सांगितल्या, एवढंच.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचं निधन झालं. वय अवघं बावन्न. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. विद्यापीठानं आठवण ठेवली हे चांगलंच. पण त्यांची आठवण ठेवणं हे आपल्या घरांचंही काम आहे.

मुनेरबींसारख्या किती आया आपल्या घरांतून होऊन गेल्या. कोणाचा मुलगा शाहीर झाला नाही, म्हणून त्यांची गाणी त्यांच्याबरोबरच गेली. जाती बंद झाली, गिरण्या आल्या, आणि ओव्याही थांबल्या. आमच्याकडे अजून काही नान्या-दाद्यांना हळदीची गाणी, पाळणे, ओव्या येतात. विचारलं की त्या आधी लाजतात, "अगं, ते काय गाणं आहे का!" म्हणतात. थोडा आग्रह केला की मग थांबतच नाहीत.

या सुट्टीत मुलांना मोबाईल घेऊन नानीजवळ बसवा. ती गाईल ते रेकॉर्ड करू द्या, शब्द वहीत उतरवून घेऊ द्या, आणि न समजलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारू द्या. त्यातलं कोणी शाहीर होईल की नाही, अल्लाह जाणे. पण पुन्हा कोणी "तुम्हाला मराठी कसं येतं?" असं विचारलं, तर मुलं सरळ सांगतील, "आमच्या नानीकडून आलं."