ब्लॅकबर्न : निवेदकाचं आडनाव, धोतरांचं गाव

३० सप्टेंबर १९६७ च्या सकाळी बीबीसी रेडिओ वन सुरू झालं. पहिला आवाज होता टोनी ब्लॅकबर्न यांचा आणि पहिली तबकडी 'द मूव्ह' या बँडची. त्याआधी ते समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या रेडिओ कॅरोलाइनवर होते.

नाव ऐकून ते ब्लॅकबर्न गावचेच असतील असं वाटतं ना? पण जन्म १९४३ चा, तोही दूर दक्षिणेतल्या गिल्डफर्डचा!

आडनावाशी जुळणारं गाव आहे लँकशायरमध्ये, उत्तर इंग्लंडात. नावाचा अर्थ साधारण 'काळा ओढा'. १०८६ च्या डूम्सडे बुकात त्याची नोंद आहे. बाजाराच्या या गावात घरोघरी हातमाग होते, पुढे गिरण्या आल्या. मला यातली सर्वात विलक्षण वाटते ती गोष्ट आपल्या धोतरांची. इथल्या मागांवर खास हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जात! आपल्याकडे विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, त्याची झळ थेट या गिरण्यांपर्यंत पोचली. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी शेजारच्या डार्वेनला गिरणी कामगारांना मुद्दाम भेटले. तिथल्या कामगार बायकांच्या घोळक्यात हसणाऱ्या गांधीजींचा फोटो जरूर शोधून पाहा, रोजगार गेलेल्या लोकांनी केलेलं ते स्वागत आहे.

आणि हो, इथला फुटबॉल क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स १८७५ चा. २०१० पासून त्याची मालकी आपल्या पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे.